सहा एमएमचा खडा, किडनीला सूज आणि घरात चार मतं

ताई, तुमच्या प्रश्नात दोन माणसांचे दोन वेगळे त्रास आहेत आणि घरात सगळे ते एकत्र करून बोलतायत, म्हणून आधी ते वेगळे करतो. मिस्टर 38 वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीजवळ काम, रात्री अचानक उजव्या कुशीत कळ आली, उलट्या झाल्या, इंजेक्शन घेतल्यावर थांबली, सोनोग्राफीत उजव्या नळीत 6 एमएमचा खडा आणि किडनीला थोडी सूज निघाली. एक डॉक्टर म्हणाले गोळ्या घ्या, तीन आठवडे बघू. दुसरे म्हणाले दोन दिवसांत दुर्बिणीनं काढून टाकू. सासूबाई पानफुटीची पानं देतायत, दीर म्हणतो बिअर पाजा, दूध-टोमॅटो घरातनं बंद झालंय, आणि आता दोन दिवस कळ नाही म्हणजे खडा पडला असेल का असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या दोन ओळीत तुमचं स्वतःचं: वर्षात तीनदा लघवीला जळजळ, प्रत्येक वेळी मेडिकलमधनं गोळ्या, तर मलाही खडा असेल का, की त्यांचंच इन्फेक्शन मला लागलं.

मी कोल्हापुरातच यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो आणि हे असंच जोडलेलं घर ओपीडीत नेहमी समोर बसलेलं असतं. पेशंट न तपासता, फिल्म न बघता मी कुठले डॉक्टर बरोबर ते सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. पण निर्णय कशावर ठरतो ते नीट सांगता येईल. सगळं घर 6 एमएम या आकड्याभोवती फिरतंय, आणि माझ्या मते तो आकडा इथं दुसऱ्या नंबरवर आहे. पहिला प्रश्न हा, की उजव्या किडनीतनं लघवी खाली उतरतेय का, आणि वर अडकलेल्या लघवीत इन्फेक्शन आहे का.

म्हणून बाकी काही वाचायच्या आधी एवढं बघा. थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी जवळजवळ बंदच झाली, किंवा उलट्या थांबेनात आणि पाणीही पोटात टिकेना, किंवा इंजेक्शन घेऊनही कळ आटोक्यात येईना, तर सकाळची ओपीडी, अपॉइंटमेंट, ओळखीचा डॉक्टर गावाला गेलाय, यातल्या कशाचीही वाट बघायची नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टीत जायचं. ज्यांना जन्मापासून एकच किडनी आहे किंवा एक आधीच निकामी आहे त्यांनी तर नुसत्या कळेवरही थांबू नये. खडा अडकलेला आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत, ही आमच्या विषयातली सगळ्यात घातक अवस्था आहे. इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरतं, बीपी पडतं, आणि तेव्हा नुसतं सलाइन-अँटिबायोटिक पुरत नाही कारण अडलेल्या किडनीत औषध नीट पोचतच नाही. आधी वाट मोकळी करावी लागते, एकतर आतनं डीजे स्टेंट, म्हणजे मऊ नळी, घालून नाहीतर पाठीतनं किडनीत बारीक नळी टाकून. त्या रात्री खडा काढायचा प्रयत्नसुद्धा आम्ही करत नाही, आधी माणूस वाचवायचा आणि खड्याचं नंतर बघायचं. तुमच्या लिहिण्यात ताप नाही असं आहे, त्यामुळं तूर्त घाबरायचं कारण दिसत नाही, पण घरात थर्मामीटर असू दे आणि अंग कढत लागतंय का एवढ्यावर अवलंबून राहू नका.

आता कळ का येते ते. बऱ्याच जणांना वाटतं खडा काटेरी असतो, तो आत ओरखडे काढतो म्हणून दुखतं. थोडं रक्त येतं ते त्यानं येतं, पण ती मरणाची कळ त्याची नाही. किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंतची नळी आतनं जेमतेम 3-4 एमएमची असते. उसाच्या पाटात ढेकूळ अडकलं की पाणी मागं तुंबतं, तसं खडा नळीत बसला की लघवी मागं साचते, किडनीवर ताण येतो, नळी खडा ढकलायला जोरजोरात आवळते, आणि कळ त्या ताणाची असते. म्हणून किडनीत 15 एमएमचा खडा घेऊन माणूस वर्षानुवर्षं शेतात राबतो, त्याला पत्ता नसतो, आणि 4 एमएमचा नळीत उतरला की तोच माणूस जमिनीवर गडाबडा लोळतो. पोटाच्या इतर दुखण्यात माणूस आखडून पडून राहतो, या कळेत त्याला एका जागी बसवत नाही, उठतो, फिरतो, वाकतो, परत बसतो. कळ कुशीतनं खाली जांघेत, पुरुषांत अंडकोषाच्या गोळीपर्यंत जाते. आणि खडा पिशवीच्या तोंडाशी आला की सारखं लघवीला लागल्यासारखं होतं, टोकाला जळजळतं, लोकांना वाटतं इन्फेक्शन झालं. तसं झालं तर मला उलट बरं वाटतं, कारण खडा बराच खाली आलाय.

याच्यातनंच तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं नाही. कधी खडा खरंच पडलेला असतो. कधी तो थोडा सरकून बाजूनं लघवी जायला जागा झालेली असते. आणि कधी वाट पूर्ण बंद असते, पण काही दिवसांनी किडनीच त्या बाजूला लघवी कमी बनवते, ताण उतरतो, दुखायचं थांबतं. हे तिसरं सगळ्यात वाईट, कारण माणूस खूश असतो आणि आत किडनी हळूहळू पातळ होत जाते. राधानगरी, शाहूवाडीकडनं येणारे असे पेशंट मी बघितलेत ज्यांना मागं कधीतरी एकदा जोरात कळ आलेली, झाडपाल्यानं 'बरी' झालेली, आणि पुढं दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती किडनी नुसती पाण्याची पिशवी होऊन बसलेली. त्या माणसांनी काही हयगय केली असं मला म्हणायचं नाही, दुखत नव्हतं, कुणी परत तपासायला सांगितलं नव्हतं, कशाला जातील. म्हणून प्रत्येकाला माझं हे सांगणं असतं की खडा एकतर हातात दिसला पाहिजे नाहीतर तपासणीत गेलेला दिसला पाहिजे, आणि सूज उतरलेली दिसली पाहिजे. मिस्टरांना आज बरं वाटतंय ही चांगली गोष्ट आहे, पण फेरतपासणी टाळायचं ते कारण होऊ देऊ नका.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात, याकडं येतो. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असू शकतात, कारण 6 एमएम हा अगदी सीमेवरचा आकडा आहे. 5 एमएमच्या आतले खडे बहुतेक आपापले पडतात. 5 ते 10 मधले साधारण निम्म्याच्या आसपास पडतात, आणि 10 च्या वर पडायची आशा फारशी धरत नाहीत. त्यात पुन्हा खडा कुठं आहे यावर बरंच ठरतं. रिपोर्टमध्ये 'अप्पर युरेटर', म्हणजे नळीचा वरचा भाग, लिहिलंय की 'लोअर युरेटर', म्हणजे खालचा, की 'व्हीयूजे' ते बघा. व्हीयूजे म्हणजे पिशवीत उघडायच्या तोंडाशी, तिथला 6 एमएम पडायची शक्यता चांगली. तोच वर किडनीच्या जवळ अडकलाय तर कमी. शिवाय सोनोग्राफीतलं माप थोडं ढोबळ असतं, बऱ्याचदा खडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, आणि नळीच्या मधल्या भागात गॅसमुळं तो दिसतही नाही. माझा अनुभव असा की नळीतल्या खड्यावर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा असेल तर एकदा साधा सीटी केयूबी, म्हणजे औषध न टोचता केलेला, करून घेणं फायद्याचं पडतं. खडा नक्की किती, नक्की कुठं, घट्ट किती, दुसऱ्या बाजूला काही आहे का, सगळं पाच मिनिटांत कळतं. (गरोदर बाईला मात्र सीटी नाही, तिथं सोनोग्राफीवरच चालवायचं.) सोबत रक्ताचं क्रिएटिनिन, ज्यावरनं किडनीचं काम कसं चाललंय ते कळतं, आणि लघवीची रुटीन-कल्चर. कल्चर म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी.

आणि काही गोष्टी रिपोर्टात नसतात पण त्यांनीही निर्णय फिरतो. माणूस ट्रक चालवतो का, एकटा राहतो का, पुढच्या आठवड्यात लांब जाणार आहे का, रजा मिळते का. फौंड्रीत भट्टीसमोर वितळलेलं लोखंड ओतताना कळ आली तर तो नुसता किडनीचा विषय राहत नाही. अशा माणसाला मी एकतर वाट बघेपर्यंत भट्टीपासून लांबचं काम मागायला सांगतो, त्यासाठी सर्टिफिकेट देतो, आणि ते जमत नसेल तर लवकर काढून टाकायच्या बाजूला झुकतो. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी कदाचित हेच डोक्यात धरून सांगितलं असेल, कदाचित खडा वरच्या बाजूला असेल. जाऊन सरळ विचारा, "डॉक्टर, वाट बघितली तर काय धोका आहे आणि कशामुळं तुम्हाला थांबू नये वाटतंय?" हे विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

वाट बघायचं ठरलं तर ती नीट बघायची. म्हणजे असं, की कळेसाठी जी गोळी दिलीय, बहुतेक डायक्लोफेनॅकसारखी, ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणंच, मनानं वाढवायची नाही, कारण किडनी आधीच ताणात आहे आणि ज्यांना अल्सर, हार्टचा त्रास किंवा क्रिएटिनिन वाढलेलं आहे त्यांना ती चालत नाही. टॅमसुलोसिन नावाची रात्रीची गोळी बहुतेक दिली असेल, ती नळीचा खालचा भाग सैल करते, 5 एमएमच्या वरच्या आणि खाली उतरलेल्या खड्याला तिचा उपयोग होतो, फक्त सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते तेवढं सांभाळायचं. कळ चालू असताना बळजबरीनं तांब्यावर तांब्या पाणी पाजायचं नाही, त्यानं खडा ढकलला जात नाही, उलट ताण वाढून उलट्या होतात. कळ नसताना नेहमीसारखं भरपूर पाणी. आणि लघवी चहाच्या जुन्या गाळणीतनं गाळायची, रोज, कंटाळा न करता. खडा सापडला की धुऊन कोरड्या डबीत ठेवायचा, फेकायचा नाही, तो तपासायला द्यायचा असतो, का ते खाली लिहितो. दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी किंवा जे डॉक्टर सांगतील ते, आणि काहीच हलचाल नसेल तर चार, फार तर सहा आठवड्यांच्या पुढं नळीतला खडा ठेवायचा नाही, दुखो वा न दुखो.

इथपर्यंतचं थोडक्यात: ताप नाही, कळ आटोक्यात आहे, दुसरी किडनी चांगली आहे, क्रिएटिनिन ठीक आहे, खडा खाली आहे, तर थांबायला हरकत नाही. यातली एक जरी गोष्ट उलटी असली तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं जड होतं.

काढायची वेळ आलीच तर 'ऑपरेशन' या शब्दानं हबकू नका. नळीतल्या खड्याला बाहेरून टाका नसतो, लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरनं खडा फोडतात, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. बाहेरून लाटा मारून फोडायचं मशीनही आहे, 1980 साली जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरलं, तेव्हापासून पोट फाडून खडे काढायचे दिवस हळूहळू संपले, पण प्रत्येक खड्याला ते चालत नाही, फार कठीण खडा फुटत नाही आणि फुटला तरी तुकडे आपणच पाडावे लागतात. किडनीत 2 सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल तर पाठीतनं छोटं छिद्र पाडून काढतात. तुमच्या केसमध्ये तो विषय नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं याची हॉस्पिटलच्या योजना डेस्कवर ॲडमिट व्हायच्या आधी चौकशी करा, नंतर नको, आणि आधार-रेशनकार्ड जवळ ठेवा.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण ही गोष्ट मी प्रत्येक पेशंटला आणि त्याच्या घरच्यांनाही बसवून सांगतो. दुर्बिणीनं खडा काढल्यावर आत पुष्कळदा डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. ती काही दिवस त्रास देते, लघवीला सारखं जावं लागतं, करताना कुशीत ओढल्यासारखं वाटतं, अधूनमधून लाल लघवी होते, हे सगळं अपेक्षित आहे. पण महिन्याभरात त्याची सवय होते आणि माणूस विसरतो. ऊसतोडीला गेला, गाव बदललं, फाइल माळ्यावर गेली. त्या नळीवर वर्षभरात खड्याचे थर बसतात, ती आत अडकते, आणि जी पाच-दहा मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी दोन-दोन ऑपरेशनं लागतात, कधी किडनीही जाते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारायचंच की आत नळी ठेवलीय का आणि ती कोणत्या तारखेला काढायची, आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहायची, एकाच्या मोबाइलमध्ये नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

आता पानफुटी. सासूबाईंच्या मायेबद्दल मला आदर आहे आणि आमच्या भागात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण 4-5 एमएमचा खडा काही न करताही बहुतेक वेळा पडतो, मग ज्यानं जे खाल्लेलं असतं त्याला श्रेय जातं. पानफुटीनं नळीतला खडा विरघळतो असा भरवशाचा पुरावा माझ्या बघण्यात नाही, आणि त्या जातीच्या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जनावरांनी जास्त खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. तेव्हा मूठ-मूठ पानं रोज, तीही हार्टच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला, अजिबात नको. हुलग्याचं माडगं किंवा कढण घेतात त्याला माझी हरकत नाही, ते अन्नच आहे, पोटात पातळ जातं हेही बरं, फक्त त्याच्या भरवशावर फेरतपासणी चुकवू नका. बिअरचं मात्र स्पष्ट नाही. लघवी जास्त होते पण नंतर शरीर कोरडं पडतं, युरिक ॲसिड वाढतं, आणि वरनं पेनकिलर चालू असताना पोटात अल्सरची भर. दिराला सांगा, डॉक्टरांनी नको म्हटलंय.

खाण्यापिण्यात सगळ्यात मोठी गैरसमजूत दुधाची आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून लोक कॅल्शियम बंद करतात, आणि ऐकायला ते पटतंही. पण आतड्यात उलटं घडतं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला तिथंच धरून ठेवतं आणि ते शौचातनं बाहेर जातं. कॅल्शियम कमी खाल्लं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं, खडा व्हायला मदतच होते. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षं केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला, त्यात कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा, नेहमीइतकं कॅल्शियम खाऊन मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना परत खडे जवळपास निम्म्यानं कमी झाले. तेव्हा घरचं दूध, दही, ताक जेवणासोबत परत सुरू करा. कॅल्शियमच्या गोळ्या मनानं घेणं वेगळं, ते विचारूनच. टोमॅटो बिचारा उगाच बदनाम आहे, त्यात ऑक्झलेट अगदी थोडं असतं, बिया दिसतात म्हणून लोकांना खडे आठवतात. पालकात मात्र खरंच भरपूर असतं, शंभर ग्रॅमला शेकडो मिलिग्राम, अळू आणि राजगिऱ्याच्या पाल्यातही, बीट, बदाम, काजू यांतही. हे कायमचं तोडायची गरज नाही, रोज-रोज नको आणि पालकाचा ज्यूस तर नकोच. 'इम्युनिटी'साठी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या कुणी घेत असेल तर त्या बंद करा, त्याचंही शेवटी ऑक्झलेट होतं.

खरा शत्रू आपल्या ताटात आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे मीठ. मीठ जास्त गेलं की किडनी सोडियमसोबत कॅल्शियमही लघवीत जास्त सोडते. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, एवढं पुरे असतं. आपण कटात, रश्श्यात, चटणीत, लोणच्यात, पापडात, फरसाणात आणि वर ताटाच्या कडेला परत मीठ, असं किती खातो ते एकदा मोजून बघा. रविवारी तांबडा-पांढरा बंद करा असं मी कोल्हापुरात राहून कुणाला सांगणार नाही, पण आठवड्यात तीन-चारदा मटण आणि रोज अंडी असतील तर कमी करावं लागेल, कारण मांसानं युरिक ॲसिड वाढतं आणि लघवीतलं सायट्रेट, जे खडा होऊ देत नाही, ते कमी होतं. तालमीतल्या पोरांना आणि जिममध्ये प्रोटीन पावडर घेणाऱ्यांना एकदा खडा होऊन गेला असेल तर हे जास्तच लागू आहे. लिंबूपाणी चांगलं, सायट्रेट मिळतं, पण त्यात मीठ घालू नका, साखर नावाला. शहाळं चालतं, किडनी कमजोर असेल तर विचारून. बाटलीतली गोड कोल्ड्रिंक्स सोडा.

आणि पाणी. फौंड्रीत दिवसभर घाम जातो, लघवी दोनदाच होते, तीही गडद पिवळी, तिथंच खडा तयार होतो. माप पिण्याचं धरू नका, लघवीचं धरा: दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी आणि रंग फिका. सावलीत बसून काम करणाऱ्याला तीन लिटर पाणी पुरतं, भट्टीजवळच्याला उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी वर लागेल. रात्री झोपताना एक ग्लास जरूर, रात्रभर लघवी दाट होते. इटलीतच पहिल्यांदा खडा झालेल्या लोकांवर झालेल्या आणखी एका जुन्या अभ्यासात पाच वर्षांत, जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना परत खडा झाला, बाकीच्यांपैकी 27 टक्क्यांना. नुसत्या पाण्यानं एवढा फरक. बोअरच्या जड पाण्यानंच खडे होतात का, हे सगळे विचारतात. पाणी जड की हलकं यापेक्षा तुम्ही ते किती पिता याला खूप जास्त महत्त्व आहे, आरओ बसवून दिवसाला चार ग्लास पिणाऱ्याला खडा होतोच.

खडा जपून ठेवा म्हटलं ते यासाठी, की तो युरिक ॲसिडचा निघाला तर पुढचं सगळं बदलतं. तो साध्या एक्स-रेत दिसत नाही पण लघवीचा आंबटपणा कमी करणाऱ्या सायट्रेटच्या औषधानं विरघळू शकतो, आमच्याकडं खरोखर विरघळणारा खडा साधारण हाच. मग औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि लघवीचा पीएच बघत राहावा लागतो. बाकीच्या खड्यांना सायट्रेट नवीन होऊ नयेत म्हणून उपयोगी, जुना विरघळवायला नाही. खडे वारंवार होत असतील, दोन्ही बाजूंना असतील, लहान वयात किंवा घरात अनेकांना असतील तर रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि 24 तासांची लघवी तपासायची. कॅल्शियम वाढलेलं निघालं तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो, तो दुरुस्त केला तर खड्यांचं मूळच जातं.

आता तुमच्याबद्दल, ताई, आणि हा भाग शेवटी आला म्हणून कमी महत्त्वाचा समजू नका. मिस्टरांचा खडा तुम्हाला लागत नाही, खडा लागट नसतो. तुमच्या जळजळीचा त्यांच्या खड्याशी संबंध नाही. बायकांची लघवीची वाट छोटी, शौचाच्या जागेच्या जवळ, त्यामुळं आतड्यातलेच जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, वर चढतात. संबंधांनंतर एक-दोन दिवसांत सुरू होत असेल तर तेही पुरुषाकडून रोग आला असं नाही, आपलेच जंतू आत ढकलले जातात, आणि त्यावरून घरात एकमेकांवर संशय घेतलेला मी बघितलाय, ते दुःख विनाकारण असतं. नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं, एवढं करून बघा.

पण प्रत्येक जळजळ म्हणजे इन्फेक्शनही नाही. उन्हात फिरून, पाणी न पिता 'उन्हाळी लागते' ती दाट लघवीची आग असते, पाणी, धने-जिऱ्याचं पाणी, ताक घेतलं की दिवसभरात उतरते. जळजळीसोबत सारखी लागणं, थेंब-थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, वास, धुरकट किंवा लाल लघवी असेल तर इन्फेक्शनकडं बघायचं. अंगावरनं पांढरं जातंय, खाज आहे, तर ते बहुतेक दुसरीकडचं आहे, ते गायनॅकला दाखवा, लघवीच्या गोळ्यांनी जाणार नाही. आणि ताप, कुशीत दुखणं आलं तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय, तेव्हा घरी थांबू नका.

मेडिकलमधनं प्रत्येक वेळी दोन दिवसांच्या गोळ्या आणायचं मात्र आजपासून बंद करा, हे मी कळकळीनं सांगतोय. दोन गोळ्यांनी आग थांबते, जंतू मरत नाहीत, उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. नॉरफ्लॉक्स, ओफ्लॉक्स वर्षानुवर्षं अशी खाऊन आज तिशीतल्या बायकांच्या कल्चरमध्ये तोंडी गोळ्यांच्या समोर एकामागून एक 'रेझिस्टंट' लिहून येतं, आणि साध्या आजाराला इंजेक्शनं द्यावी लागतात. वेळेवर योग्य औषध दिलं तर साधं इन्फेक्शन नायट्रोफुरँटॉइनच्या पाच दिवसांत किंवा फॉस्फोमायसिनच्या एका डोसात जातं, कोणतं द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, गरोदरपण, किडनीचं काम, ॲलर्जी बघून. उलटंही सांगतो: काहीच त्रास नाही आणि सहज केलेल्या रिपोर्टात पाच-दहा पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, आले म्हणून औषध घ्यायचं नाही. गरोदर बाईला मात्र त्रास नसतानाही कल्चरमध्ये जंतू आले तर उपचार लागतात.

वर्षात तीनदा म्हणजे आम्ही त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतो, तेव्हा एकदा सोनोग्राफी, शुगर आणि लघवी केल्यावर पिशवीत किती उरते हे बघून घ्या. कल्चरमध्ये प्रोटियस नावाचा जंतू परत-परत आला तर खड्याचा शोध घ्यावाच लागतो, कारण तो जंतू स्वतःच खडे तयार करतो. पाळी गेलेल्या बायकांत कारण वेगळं असतं, तिथं योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम चांगलं काम करतं, सासूबाईंना असा त्रास असेल तर त्यांनाही सांगा, बायका हे कुणाला बोलत नाहीत.

तुम्ही पाणी किती पिता ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज, कमी. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, सगळ्या बायका मला एकच सांगतात, बाहेर जायला जागा नाही, असली तर जावं अशी नाही, म्हणून पाणीच पीत नाही. हा दोष त्यांचा नाही, आपल्या गावांचा आहे, आणि यावर गोळी नाही. पण जेवढं हातात आहे तेवढं करा. 2018 साली आलेल्या एका अभ्यासात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि एरवी कमी पाणी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं, त्यांचा त्रास वर्षभरात जवळपास निम्म्यावर आला. तीन-चार तासांच्या वर लघवी धरून ठेवू नका.

एक गोष्ट दोघांसाठी आणि घरातल्या मोठ्यांसाठी. न दुखता लघवीतनं लाल रक्त गेलं, एकदाच जरी गेलं आणि आपोआप थांबलं तरी, चाळिशीच्या पुढं आणि त्यातही तंबाखू-बिडी असेल तर खडा असेल म्हणून सोडून द्यायचं नाही, पिशवी दुर्बिणीनं बघून घ्यायची, कारण तिथं गाठ असू शकते आणि लवकर सापडली तर ती आतनंच काढता येते. पुरुषांत लघवीचं इन्फेक्शन मुळात कमी होतं, झालं तर प्रोस्टेट, शुगर, खडा यातलं कारण शोधायचं.

सोमवारी मिस्टरांना घेऊन जाताना जुना सोनोग्राफी रिपोर्ट फिल्मसकट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि गाळणीत काही सापडलं असेल तर ती डबी न्या, सीटी आणि क्रिएटिनिन करायचं का विचारा. तुम्हीही त्याच फेरीत स्वतःचं कल्चर द्या, धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी लॅबच्या निर्जंतुक डबीत, दोन तासांच्या आत लॅबला पोचेल अशी, आणि कुठलीही गोळी सुरू करायच्या आधी.